पाहुण्या झाडांची लाली

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या स्टाउरहेड बागेच्या तळ्याकाठी गावाच्या बाजूने उभं राहावं. जवळ गवताने मढलेला कमानींचा दगडी पूल, पुढे पाणी, पाण्याच्या पलीकडे पॅन्थिऑन नावाचं घुमटाचं देऊळ, आणि या सगळ्याला वेढून पिवळी, नारिंगी, तांबडी झाडं. वारा पडलेला असेल तर हे सगळं पाण्यात उलटंही दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, या देशाचा निसर्गच असा.

तसं नाही. हे तळं इथे नव्हतं. स्टाउर नदीचे झरे जिथे उगम पावतात त्या खोऱ्याला बांध घालून ते 1750 च्या दशकात केलं गेलं. पॅन्थिऑनही त्याच दशकातलं. लंडनच्या पेढीवाल्या होर घराण्यातल्या हेन्री होरने वास्तुरचनाकार हेन्री फ्लिटक्रॉफ्टकडून ते बांधून घेतलं. आणि झाडं? डोळ्यांना आधी खेचून घेणारी तांबडी झाडं जवळजवळ सगळी पाहुणी आहेत, उत्तर अमेरिकेतून आणि जपान-चीनमधून आलेली. इंग्लंडच्या ऐतिहासिक बागांमधला लाल रंग माणसांनी ठरवून, जागा पाहून, पुढच्या पिढ्यांसाठी लावलेला आहे. हे लक्षात ठेवून बागेत शिरलं तर एकेक झाड वेगळं दिसू लागतं.

इंग्लंडची स्वतःची झाडं शरदात काय करतात ते आधी पाहू. बर्च पिवळा होतो, फील्ड मेपल लोण्यासारखा पिवळा, हॉर्नबीम पिवळा. बीच आधी सोनेरी आणि मग तांब्याच्या भांड्यासारखा. ओक सगळ्यात शेवटी, आणि तोही बदामी-तपकिरी. ॲश तर रंग न बदलताच हिरवी-पिवळट पानं टाकून मोकळा होतो. लाल होणारी देशी मंडळी आहेत, पण थोडी: रानचेरी, स्पिंडल आणि गेल्डर रोझची झुडपं, कुठे कुठे वाइल्ड सर्व्हिस ट्री. डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखा दिसावा असं त्यांच्यात काही नाही.

अठराव्या शतकातले मोठे उद्यानरचनाकार या झाडांवरच काम करत. ‘केपेबिलिटी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा लॅन्सलॉट ब्राउन (1716 ते 1783) बीच, ओक, एल्म, लाइम लावायचा. मधूनच एखादा लेबनॉनचा देवदार. हेन्री होरही चित्रकारासारखा विचार करायचा, पण त्याचे रंग हिरवेच होते. गडद हिरव्याचे मोठे पुंजके, त्यांच्याशेजारी फिकट हिरव्याचे, आणि गडदात थोडी फिकटाची शिंपण, असं त्याचं सांगणं होतं. म्हणजे आज ज्या लाल-पिवळ्यासाठी स्टाउरहेडला गर्दी होते, ते मूळ आराखड्यात नव्हतंच.

लाल आला बोटीने. लंडनचा बिशप हेन्री कॉम्प्टन याच्या फुलमच्या बागेत 1681 मध्ये अमेरिकेतून लिक्विडंबारचं झाड आलं. मग 1730 च्या दशकापासून पीटर कॉलिन्सन या लंडनच्या कापडव्यापाऱ्याने फिलाडेल्फियाजवळच्या जॉन बार्ट्रम या शेतकऱ्याशी संधान बांधलं. बार्ट्रम रानावनात फिरून बिया गोळा करायचा, पेट्या भरायचा. कॉलिन्सन त्या इंग्लंडमधल्या हौशी जमीनदारांना पोचवायचा. एका पेटीत शंभरेक जातींच्या बिया, किंमत पाच गिनी. सरे परगण्यात कॉबमजवळ पेन्सहिल ही बाग उभारणारा चार्ल्स हॅमिल्टन हा त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक. जपानी मेपल इंग्लंडमध्ये पोचला तो त्यानंतर, 1820 मध्ये.

स्टाउरहेडमध्ये हे पाहुणे प्रामुख्याने हेन्रीचा नातू रिचर्ड कोल्ट होर याने आणले. तो झाडांचा जाणकार होता. त्याने आजोबांच्या बागेतल्या तुर्की तंबूसारख्या काही हौसेच्या गोष्टी काढून टाकल्या आणि वेगवेगळ्या जातींची झाडं वाढवली. पुढे 1894 मध्ये ही जागीर दुसऱ्या एका हेन्री होरकडे आली. 1902 मध्ये घराला आग लागली, ते पुन्हा बांधलं गेलं. बागेत आणखी लागवड झाली. त्यांचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी होऊन 1917 च्या डिसेंबरात वारला. वारस उरला नाही, तेव्हा त्यांनी 1946 मध्ये घर आणि बाग नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकली. पुढच्या वर्षी 25 मार्चला सर हेन्री आणि त्यांची पत्नी लेडी अल्डा दोघंही एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने गेले. तळ्याकाठचे जपानी मेपल पाहताना ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष चालण्याचं. स्टाउरहेडची फेरी साधारण अडीच किलोमीटरची आहे, पण तिला निदान अडीच तास द्यावेत. मूळ रचनेत ही फेरी घराकडून उतरून घड्याळाच्या उलट दिशेने घ्यायची असते. आधी उंचावरून तळं ओझरतं दिसतं, मग फ्लोराचं देऊळ, मग अंधाऱ्या गुहेत उतरायचं. तिथे निजलेली जलदेवता आणि तिच्या अंगाखालून वाहणारं झऱ्याचं पाणी. त्या गुहेच्या एका भोकातून तळं चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. बाहेर आलं की पॅन्थिऑन, मग बांध, मग चढ चढून अपोलोचं देऊळ, आणि शेवटी गावाकडचा पूल. प्रत्येक वळणावर पुढचं ठिकाण दिसतं आणि लगेच झाडांआड जातं. ही लपाछपी मुद्दाम केलेली आहे आणि ती याच दिशेने नीट लागते.

अडचण अशी की पॅन्थिऑनचं तोंड गावाच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे आहे. त्यावर ऊन पडतं ते सकाळी. दुपारनंतर ते सावलीत जातं आणि पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या येतात. म्हणून प्रतिबिंब हवं असेल तर दार उघडताच आधी गावाकडच्या टोकाला जावं, तिथली पंधरा-वीस मिनिटं मनसोक्त घ्यावीत आणि मग वर घराकडे परतून रीतसर फेरी सुरू करावी. थोडं जास्त चालणं होतं, पण त्याचं चीज होतं. गुहेचं दगडी तळ आणि अपोलोकडचा चढ ओल्या पानांनी निसरडा होतो. गुळगुळीत तळाचे बूट तिथे नकोतच; खाचा असलेले, पाणी न शिरणारे बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाने गुहा आणि अपोलो दोन्ही सोडून तळ्याच्या काठाकाठाने गेलं तरी रंगांत काही कमी पडत नाही.

लंडनहून गाडीने यायचं तर ए-303 रस्ता आणि मीअर गावाजवळून वळण. रेल्वेने वॉटर्लूहून डॉर्सेटमधल्या गिलिंगहॅमपर्यंत सुमारे दोन तास, तिथून टॅक्सी. टॅक्सी येतानाच परतीच्या वेळेसह ठरवावी. स्टेशन लहान आहे, बाहेर टॅक्स्या रांगेत उभ्या नसतात. तिकीट काढताना दुसरी काळजी: केंटमध्येही एक जिलिंगहॅम आहे, स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा, दिशा अगदी उलटी.

पान लाल का होतं हे कळलं की कोणत्या वर्षी जावं, कोणत्या आठवड्यात जावं आणि झाडाच्या कोणत्या बाजूला उभं राहावं, या तिन्हींची उत्तरं मिळतात. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. गाजरात, आंब्यात असतात तीच कॅरोटिनॉइडं. हिरव्याखाली ती झाकलेली असतात. दिवस लहान होऊ लागले की झाड नवं हरितद्रव्य करणं थांबवतं, जुनं मोडतं, पानातला नायट्रोजन फांदीत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. त्यासाठी वेगळं काही घडावं लागत नाही. म्हणून पिवळा रंग दरवर्षी बराचसा सारखाच असतो.

लाल मात्र नव्याने तयार व्हावा लागतो. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागतो, पानात झालेली साखर पुरती बाहेर जाऊ शकत नाही, आणि उन्हाच्या मदतीने तिच्यापासून अँथोसायनिन बनतं. जांभळात आणि कोकमात असतं ते. याला दोन गोष्टी लागतात: दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नव्हे. शून्य ते सात अंशांच्या दरम्यानच्या रात्री सगळ्यांत उत्तम. पारा शून्याच्या बराच खाली गेला की ते काम थांबतं आणि पानं तपकिरी होऊन झडतात. इंग्लंडचं हवामान समुद्री, ढगाळ. त्यामुळे अमेरिकेच्या न्यू इंग्लंडसारखी हमखास लाली इथे मिळत नाही. सप्टेंबर कोरडा आणि उजेडाचा गेला तर तोच मेपल शेंदरी होतो. ढगाळ, उबदार गेला तर नारिंगी-पिवळ्यावर थांबतो.

ऊन लागतं याचा पुरावा झाडावरच असतो. मेपलची दक्षिणेकडची बाजू लालबुंद आणि उत्तरेकडची पिवळी असं पुष्कळदा दिसतं. लाल पान हातात घेतलं तर त्यावर कधी कधी दुसऱ्या पानाच्या सावलीचा नेमका पिवळा ठसा सापडतो. वरचं पान तिथे आठवडाभर पडून राहिलेलं असतं.

इथे आपल्या भाषेची एक गंमत होते. ऑटमला आपण शरद म्हणतो, कारण पंचांगात अश्विन-कार्तिक त्याच सुमाराला येतो. पण शरद म्हटलं की मराठी मनात येतं धुतलेलं आकाश, कोजागरीचं चांदणं, पिकलेलं भात. पानगळ आपल्याकडे शिशिराची, आणि तिचं कारण थंडी नव्हे, तर पाणी. पावसाळा संपून महिने लोटले की साग, सावर, पळस पाणी वाचवण्यासाठी पानं टाकतात. लाल रंगही आपल्याकडे बहुतेक उलट्या टोकाला भेटतो: पान जाताना नव्हे, तर येताना. आंब्याची कोवळी तांबूस पालवी, पिंपळाची ताम्रवर्णी पानं, चैत्राच्या आधी पेटणारा कुसुम. रंग तोच, अँथोसायनिनचा. फक्त पानाच्या आयुष्याचं टोक वेगळं. अपवाद म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरचा देशी बदाम आहे. तो पानं टाकण्याआधी लाल होतो, आणि इंग्लिश बागेतल्या टुपेलो या अमेरिकी झाडाशी त्याचं साम्य पाहताक्षणी पटतं: दोन्हींची पानं साधी, चकचकीत, न कातरलेली, आणि दोन्ही एकाच झाडावर हिरवी, पिवळी, लाल अशी एकदम मिरवणारी.

टुपेलो, म्हणजे निस्सा, पाहायचा तर ईस्ट ससेक्समधल्या शेफील्ड पार्कला जावं. बागेचा सांगाडा अठराव्या शतकातला आहे. 1770 च्या दशकात ब्राउनने इथे काम केलं, पुढे हम्फ्री रेप्टनने. पण आजचा रंग आहे आर्थर सोम्सचा. 1910 च्या सुमाराला त्याने ही जागीर घेतली आणि 1934 मध्ये मरेपर्यंत मुख्यतः शरदासाठी झाडं लावली. एकेक-दुहेरी नव्हे, टुपेलोचे घोळके. शिवाय जपानी मेपल, अमेरिकन ओक, आणि त्यांच्यामागे निळसर-हिरव्या सूचिपर्णी झाडांची भिंत. या भिंतीचं महत्त्व मोठं. लाल रंग आकाशापुढे विरतो, गडद हिरव्यापुढे उठून दिसतो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी तळी, मधे धबधबा, आणि प्रत्येक तळ्यात रंग दुप्पट. इथली माती आम्लधर्मी आहे. टुपेलो, एन्किअँथस, ऱ्होडोडेंड्रॉन यांना तीच लागते. चुनखडीच्या मातीत यांची पानं शिरांमधून पिवळी पडतात आणि झाड खुरटतं. म्हणून सोम्सचं अनुकरण इंग्लंडभर कुठेही करता आलं नसतं.

क्रिकेटच्या वेड्यांना या बागेत आणखी एक कारण आहे. सोम्सच्या आधीचा मालक तिसरा अर्ल ऑफ शेफील्ड. ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत क्रिकेटची शेफील्ड शील्ड त्याच्याच देणगीतून आली. इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाचे सामने 1884 पासून इथल्या मैदानावर झाले, आणि 1896 च्या सामन्यात लॉर्ड शेफील्डच्या संघातून डब्ल्यू. जी. ग्रेसबरोबर रणजितसिंहजीही खेळले.

जायचं कसं? सर्वांत सुंदर वाट म्हणजे लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिन्स्टेड आणि तिथून ब्लूबेल रेल्वेची वाफेची गाडी. शेफील्ड पार्क हे तिचं शेवटचं स्टेशन, तिथून बाग चालण्याच्या अंतरावर. वाफेची गाडी रोज धावत नाही, शेवटची गाडीही लवकर सुटते. वेळापत्रक आधी पाहिलंच पाहिजे. गाडी नसेल त्या दिवशी हेवर्ड्स हीथ स्टेशन आणि टॅक्सी. भारतातून आलेल्या आईवडिलांना नेण्यासाठी माझी पहिली शिफारस हीच बाग. वाटा रुंद, चढ सौम्य, बसायला बाकं, आणि पहिल्याच तळ्याशी रंग सुरू.

तारखांचं गणित असं. सप्टेंबर संपताना कात्सुरा सुरुवात करतो. त्याची पानं हृदयाच्या आकाराची, पिवळी-गुलाबी, आणि खाली पडली की त्यांना साखरेचा पाक करपू लागल्यासारखा वास येतो. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांची आठवण करून देणारा. ओलसर, निवांत दिवशी झाड दिसण्याआधी वास पोचतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टुपेलो आणि रेड मेपल. मध्यावर ट्यूलिप ट्री पिवळा. साधारण 18 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर जपानी मेपल आणि बीच. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ओक, लार्च आणि पाण्याकाठचा विटकरी स्वॅम्प सायप्रस. गिंको मधेच कधी तरी पूर्ण पिवळा होतो आणि गारठ्याची एक रात्र आली की एक-दोन दिवसांत सगळी पानं टाकतो. त्याच्याखालचा पिवळा गालिचा पाहायला मिळणं हा योगच.

यावरून शेफील्ड पार्कला ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, स्टाउरहेडला शेवटचा. चुकायचंच असेल तर आठवडाभर लवकर जाऊन चुकावं. लवकर गेलं तर निम्मी झाडं तरी रंगलेली असतात. उशिरा गेलं आणि मधे एक वादळ होऊन गेलं तर फांद्या उरतात. बागा आपापल्या पानांवर रंगांची खबर देत असतात. तिकीट आणि हॉटेल दोन्ही महिनाभर आधी पक्कं करण्यापेक्षा आठवडाभर हाताशी ठेवून दिवस निवडावा. ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवड्याची सुट्टी असते. त्या आठवड्यात दुपारी वाहनतळ भरून जातात. आपली दिवाळी पुष्कळदा त्याच दिवसांत येते. अशा वेळी सुट्टीच्या वारी न जाता मधल्या वारी, दार उघडण्याच्या वेळेला पोचावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, हेही विसरू नये. शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो. दुपारी दोनला पोचलेल्या माणसाचा दिवस तिथेच संपतो.

उन्हाळा फारच कोरडा गेला तर सगळं गणित बिघडतं. 2022 च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिसावर गेला आणि बर्चसारखी झाडं ऑगस्टमध्येच पानं टाकू लागली. तो शरद नव्हता. झाडांनी जीव वाचवण्यासाठी केलेली काटकसर होती, आपल्या सागासारखी. याच्या उलट टोकाचा घाव 16 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे बसला. जमीन पावसाने भिजलेली, झाडांवर पानं अजून शाबूत. पानांत शिडासारखा वारा भरला आणि दक्षिण इंग्लंडमध्ये एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडं कोसळली. शेफील्ड पार्कचंही फार मोठं नुकसान झालं. तिथे आज दिसणाऱ्या घोळक्यांतली पुष्कळ झाडं त्यानंतर लावलेली आहेत.

विंकवर्थ आणि वेस्टनबर्ट या दोन जागा बागांपेक्षा वृक्षसंग्रह आहेत, पण रंगासाठी त्या टाळता येत नाहीत. सरेमध्ये गोडलमिंगजवळ विंकवर्थ आहे ते डॉ. विल्फ्रिड फॉक्स या त्वचारोगतज्ज्ञाने वसवलेलं. रस्त्यांच्या कडेला चांगली झाडं लागावीत म्हणून 1928 मध्ये संस्था काढणारे तेच. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ही उताराची जमीन घेतली आणि 1952 मध्ये ट्रस्टला दिली. उतार तीव्र आहे, पण त्यामुळेच इथे झाडं खालून नव्हे, तर वरून पाहता येतात. तळ्याकडे उतरणारा रंगांचा अख्खा लोट एका नजरेत येतो. ग्लॉस्टरशरमधलं वेस्टनबर्ट रॉबर्ट होलफर्डने 1829 मध्ये सुरू केलं. सुमारे 600 एकर, 2,500 जाती, आणि जपानी मेपलचा राष्ट्रीय संग्रह. पहिल्यांदा जाणाऱ्याने जुन्या भागातलं मेपलचं मोकळं वन आधी गाठावं. सगळं पाहण्याच्या हव्यासात पाय दुखतात आणि मेपलपाशी पोचेपर्यंत उजेड जातो. वेस्टनबर्ट सरकारी वनखात्याकडे आहे, नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व तिथे चालत नाही. दारात हे कळलेली कुटुंबं दर शनिवारी दिसतात.

आणि कुठे जाऊ नये तेही सांगायला हवं. सिसिंगहर्स्ट, हिडकोट या नावाजलेल्या बागा शरदातल्या पानांसाठी नाहीत. त्या फुलांच्या, कुंपणांनी पाडलेल्या खोल्यांच्या बागा. त्यांचा महिना जून. ऑक्टोबरात फुलंच पाहायची तर ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरला डेलिया पहिल्या हिमापर्यंत झगमगत असतात.

नावं ओळखण्यासाठी दोन खुणा पुरतात. मेपल आणि लिक्विडंबार दोन्हींची पानं पंजासारखी, रंगही तेच. फरक फांदीवर पाहावा. मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, लिक्विडंबारची एकाआड एक. शिवाय लिक्विडंबारचं पान चुरगळलं की राळेचा वास येतो. ट्यूलिप ट्रीचं पान टोकाकडे कात्रीने सरळ कापल्यासारखं असतं, ते कशातही मिसळत नाही. तळ्याकाठी दोन विटकरी सूचिपर्णी शेजारी असतील तर बारीक डहाळी पाहा: सुईसारखी पानं समोरासमोर असतील तर डॉन रेडवुड, एकाआड एक असतील तर स्वॅम्प सायप्रस. डॉन रेडवुड आधी जीवाश्मांतूनच माहीत होतं. जिवंत झाड 1940 च्या दशकात चीनमध्ये सापडलं आणि बिया पश्चिमेकडे पोचल्या 1948 मध्ये. म्हणजे कुठल्याही इंग्लिश बागेतलं ते झाड त्याहून जुनं नाही.

लहान मुलं तपकिरी, तुकतुकीत बिया गोळा करतात तेव्हा एक गोष्ट मोठ्यांनी पाहावी. हिरव्या कवचावर थोडे, जाड, आखूड काटे असतील तर ते हॉर्स चेस्टनट. खेळायला छान, पण विषारी. साळिंदराच्या पिल्लासारखे दाट बारीक काटे असतील तर स्वीट चेस्टनट, तेच भाजून खातात. यूच्या झाडाची लाल बोरं तर तोंडात घालूच नयेत, आतलं बी जीवघेणं असतं.

फोटोंबद्दल थोडं, कारण तिथे सगळ्यांचीच निराशा होते. ऑक्टोबरअखेर दक्षिण इंग्लंडमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 27 अंशच वर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो जवळपास 59 अंशांवर. म्हणजे दिवसभर ऊन तिरकं, पानांच्या आरपार जाणारं. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायची आपली सवय इथे मोडावी. झाडाच्या सावलीच्या बाजूला जावं, सूर्य खोडाआड लपवावा आणि फांद्यांच्या आतून बाहेर पाहावं. पानं दिव्यासारखी उजळतात. फोनमध्ये सर्वांत उजळ लाल पानावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा, नाही तर लाल रंगाचा नुसता डाग उमटतो आणि शिरा दिसत नाहीत. कॅमेऱ्याला पोलरायझर लावला तर ओल्या पानांवरची चकाकी जाऊन रंग दाटतात, पण तोच जास्त फिरवला की पाण्यातलं प्रतिबिंबही पुसलं जातं. डोळा लावून हळूहळू फिरवावा. पाऊस पडून गेलेला ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नये. मेपलसाठी तो उन्हाइतकाच चांगला.

बुटांचे तळ घासून, कोरडे करून मग दुसऱ्या बागेत जावं. फायटोफ्थोरासारखे रोग चिखलातून पसरतात आणि त्यापायी लार्चची वनंच्या वनं तोडावी लागली आहेत.

ही सगळी पानं पुढे कुठे जातात? हिरवळीवर ओला थर राहिला तर गवत खाली कुजतं, तळ्यात फार साचली तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणून माळी ती गोळा करत राहतात आणि त्यांचं पानखत करतात. चार खुंट, भोवती मीटरभर उंच जाळी, आत ओली पानं. वर्षभराने झाडांच्या बुडाशी पसरण्याजोगी होतात, दोन वर्षांनी बी पेरायला चालतील इतकी भुसभुशीत. पानं कोरडी राहिली तर काहीच होत नाही, आणि सदाहरित झाडांची चिवट पानं मिसळली तर ती तशीच उरतात. हे काम बुरशी करते, म्हणून ढीग आपल्याकडच्या कंपोस्टसारखा तापत नाही आणि वेळ घेतो. बीच-ओकची पानं आधी गवत कापायच्या यंत्राखालून काढली की लवकर होतात.

नोव्हेंबर संपताना मेपल उघडे होतात, टुपेलो तर कधीचे रिकामे झालेले असतात. राहतात ती बीचची कापून ठेवलेली कुंपणं. छाटलेला बीच सुकलेली तांबूस पानं टाकत नाही. थंडीभर, बर्फात, वाऱ्यात ती खुळखुळत फांदीवर राहतात, आणि एप्रिलमध्ये नवे कोंब खालून ढकलतात तेव्हाच पडतात. तोवर सह्याद्रीत कुसुमाची लाल पालवी हिरवी व्हायला लागलेली असते.